पाव किलो मागताना लाज कशाची?

पत्र: "ताई, आम्ही मूळचे कराडकडचे, आता पुण्याजवळ पिंपळे गुरवला राहतो. घरात पाच माणसं. आम्ही दोघं, सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. ह्यांच्या एकट्याच्या पगारात घर चालतं. आमच्या भागात मटण ८०० रुपये किलो झालंय. आधी दर रविवारी यायचं, आता महिन्यातून एकदा, तेही अर्धा किलो, आणि त्यात निम्मी हाडं-चरबी. पाव किलो मागायची लाज वाटते. मुलीचं हिमोग्लोबिन साडेनऊ आलंय. शेजारीण म्हणते, काळीज, पाया, वजडी (पोट-आतडी) आण, स्वस्त पडतं. सासूबाई म्हणतात, वजडी आपल्यात चालत नाही. खाटकाकडे काय मागायचं तेच कळत नाही. मटण आणायचं काम सासरे करायचे, ते गेल्या वर्षी वारले. — एक वाचक"

ताई,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. मटण आणायचं काम सासरे करायचे. तुमची निम्मी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे मटण आणायचं पुरुषाने आणि शिजवायचं बाईने, अशी वाटणी चालत आली. कुठल्या मटणाला किती शिट्ट्या हे आपल्याला पाठ असतं, पण खाटकाच्या ओंडक्यासमोर उभं राहून काय मागायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी पहिल्यांदा एकटी मटणाच्या दुकानात गेले. वय छत्तीस. "चांगलं मटण द्या" एवढंच तोंडातून निघालं. घरी येऊन पिशवी उघडली तर अर्ध्या किलोत मूठभर चरबी आणि पडदे. तेव्हा त्या दुकानदाराचा फार राग आला होता. पण चांगलं म्हणजे काय हे मी सांगितलंच नव्हतं, ते त्याने त्याच्या सोयीने ठरवलं. तेव्हापासून मी दुकानात "चांगलं मटण" हे शब्द उच्चारत नाही. घरी काय शिजणार आहे ते सांगते. "पाच माणसांचा रस्सा करायचाय, भाकरीबरोबर." एवढ्यावर अनुभवी खाटकाला कळतं की तुम्हाला हाड लागणार आहे, थोडी चरबी चालणार आहे, पण नुसते पडदे नकोत.

पाव किलोचं म्हणाल, तर सकाळी अर्धा तास दुकानाबाहेर उभं राहून बघा. एकटे राहणारे आजोबा, आजारी माणसासाठी सूप करणारी सून, खोलीवर राहणारी पोरं, सगळी पाव किलोच नेतात. खाटकाच्या तराजूला त्याची सवय आहे. फक्त "पाव किलो मिक्स" म्हणू नका. इतक्या थोड्या मटणात सगळीकडचा एकेक तुकडा आला की कुठलाच धड शिजत नाही. पाव किलो घ्यायचं तर एकाच जागेचं घ्या.

आता भावाबद्दल. बोकड जिवंत असताना जेवढा भरतो, त्याच्या निम्म्याच्या आसपासच सोललेलं, साफ केलेलं मटण हाती येतं. बाकी कातडं, मुंडी, पाय, आतडी, रक्त. खाटकाने पैसे मोजलेले असतात पूर्ण जनावराचे. आणि दुकानात येणारा प्रत्येक जण मागतो मागच्या मांडीचं. मांडी महाग आणि पाया स्वस्त होण्यामागे एवढाच हिशेब आहे. २०१९च्या अखेरीला कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं होतं, तुम्ही कराडकडच्या म्हणजे तुम्हाला आठवत असेल. आपल्या लोकांचा मटणात किती जीव आहे ते तेव्हा दिसलं. पण दरावर भांडताना, आपण जनावराचा केवढा भाग मागायचाच सोडून दिलाय, याची चर्चा फारशी झाली नाही.

माझ्या माहेरी वाटे पडायचे. पाच-सहा घरं मिळून एक बोकड घ्यायची. अंगणात पळसाची पानं मांडून त्यावर ढीग लावायचे. प्रत्येक ढिगात थोडी मांडी, थोडी बरगडी, एखादी नळी (पायाचं पोकळ हाड), काळजाचा एक तुकडा, वजडीचा एक तुकडा. तराजू नसायचा, नजरेने मापायचे, आणि शेवटी लहान पोराला पाठमोरं उभं करून विचारायचे, हा वाटा कुणाचा? पोरगं नाव घेईल त्याचा. त्यामुळे कुणालाच नुसती मांडी मिळायची नाही आणि कुणाच्याच नशिबी नुसती हाडं यायची नाहीत. शहरात आल्यावर हा वाटा मोडला. तुम्ही दुकानात जाल तेव्हा मनात तो वाटा पुन्हा लावायचा, असं मला सांगायचंय.

एक खरी गोष्ट आधी सांगून टाकते. बऱ्याच दुकानांत हाडासकट मटणाचा भाव एकच असतो, मग गर्दन (मान) घ्या नाहीतर मांडी. म्हणजे गर्दन मागितली म्हणून बिल कमी होत नाही. फायदा होतो तो पातेल्यात. मान, पुढचा फरा (खांद्याकडचा भाग), नळीच्या आसपासचं मटण, हे जनावराचे सतत राबणारे भाग. चरताना मान खाली-वर होते, पाय दिवसभर चालतात. त्या स्नायूंत चिवट धागे जास्त असतात. सावकाश शिजले की तेच धागे विरघळून रश्श्याला दाटपणा आणि ती ओठाला चिकटणारी चव देतात. मांडीच्या गोळ्यात ते कमी, म्हणून मांडीचा रस्सा पातळ लागतो आणि आपण मग खोबरं वाढवत बसतो. रश्श्यासाठी पाव किलो गर्दन किंवा पुढच्या फऱ्याचं मटण आणि त्याबरोबर दोन-तीन नळ्या मागा. नेहमीच्या गिऱ्हाईकाला नळ्या-हाडं बऱ्याचदा कमी भावात मिळतात, विचारायला हरकत नाही. सीना (छातीचा भाग) हाही चांगला, पण त्यात चरबी बरीच असते. सासूबाईंना पचत नसेल तर नको. बोनलेसच्या वाटेला जाऊ नका. हाडं काढण्याचे पैसे द्यायचे आणि चवीचं हाड दुकानातच ठेवून यायचं, हा सौदा मला कधी पटला नाही.

हे सगळं आलं-लसूण, हळद, मीठ लावून आधी अळणी, म्हणजे तिखट-मसाल्याशिवाय, शिजवा. दीड लिटर पाणी घाला, कंजुषी नको. एक शिट्टी झाली की आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटं. कुकरमध्ये पाण्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जातं, म्हणून जे काम पातेल्यात दोन-अडीच तास घेतं ते इथे अर्ध्या तासात होतं. ते अळणी पाणी म्हणजे तुमचं खरं धन. अर्ध्या पाण्याचा त्या दिवशी तांबडा रस्सा. उरलेलं गार करून फ्रीजमध्ये ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी त्यात हरभऱ्याची डाळ आणि दुधी शिजवा. मटणाचा तुकडा नसला तरी मुलं ताट चाटून पुसून खातील. पाव किलोत पाच माणसांची दोन जेवणं होतात, आणि मी हे माझ्या घरात वर्षानुवर्षं केलंय.

आता मुलीबद्दल, कारण मला त्याचीच काळजी जास्त वाटली. बारा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन बाराच्या वर असायला हवं. साडेनऊ असताना नुसत्या खाण्यावर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा, ते गोळी देतील ती पूर्ण काळ द्या, जंतांच्या औषधाचंही विचारा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती ती गिळते की दप्तरात ठेवते तेही प्रेमाने विचारा. पण आधीच उपचाराची गोळी चालू झाली असेल तर दोन्ही घ्यायच्या का, हे डॉक्टरांनाच विचारायचं. याला जोड म्हणून काळीज उत्तम. त्यातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीराला कितीतरी सहज लागतं. मात्र शेजारणीने एक गोष्ट सांगितली नाही. बोकडाचं काळीज स्वस्त नसतं. मटणाच्याच भावाने जातं, आणि रविवारी आठ-नऊच्या आत संपतं. पण ते लागतंही थोडंच. दीडशे ग्रॅम आणलं तर दोन्ही मुलांचं होतं, आठवड्यातून एकदा पुरे. पातळ काप करा, तव्यावर कांदा-लसणावर सात-आठ मिनिटं, आतून लाल राहणार नाही इतपतच. जास्त शिजलं की चामडं होतं आणि मग मुलं जन्मभर काळजाला नाही म्हणतात. वर लिंबू पिळा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, चहाने भाजी-भाकरीतलं लोह अंगी कमी लागतं.

खरं स्वस्त पाहिजे असेल तर कोंबडीवाल्याकडे जा आणि कलेजी-पेटा (कोंबडीचं काळीज आणि पोटाची पिशवी) मागा. लोह त्यातही भरपूर, भाव कोंबडीच्या मटणापेक्षाही कमी. पेटा आतली पिवळी साल काढून साफ करून घ्या आणि कुकरला आधी शिजवा. कलेजी शेवटची पाच-सात मिनिटं घाला, पण तीही आत गुलाबी ठेवायची नाही. यावर जास्त लिहीत नाही, एकदा केलंत की समजेल.

दोन इशारे मात्र पाळा. घरात किंवा नात्यात कुणी गरोदर असेल तर तिला काळीज देऊ नका. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की पोटातल्या बाळाला त्रास होऊ शकतो. आणि सासूबाईंना गाऊटचा किंवा युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल तर काळीज, गुर्दा, भेजा त्यांच्या ताटात नको.

पाया. चार पायांचा जोड नगावर मिळतो, किलोवर नाही. भाजून, केस खरवडून, तुकडे करून घ्या. खुरांच्या बेचक्यातली घाण निघालीय ना ते तिथेच बघा. कुकरला मंद आचेवर पाऊण तास, थंडीच्या दिवसात मिरं जरा जास्त. पायाच्या सुपाने हाडं मजबूत होतात, असं सगळे सांगतात. ताई, त्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. जे उतरतं ते हाडाच्या सांध्यांतला चिकट भाग, त्याने चव येते आणि पोट भरतं, पण त्यातली प्रथिनं अपुरी असतात. म्हणून पाया असेल त्या दिवशी मुलांना एकेक अंडं उकडून द्या, किंवा डाळ ठेवा. सूप आवडीने प्यायचं, औषध म्हणून नाही.

आणि वजडी. सासूबाईंचं "आपल्यात चालत नाही" मला कळतं, आणि त्या शब्दांमागे काय आहे तेही माहीत आहे. वजडी, रक्ती, मुंडी ज्या घरांत शिजत होती त्या घरांना नावं ठेवली गेली. ज्यांना मांडी कधी परवडली नाही, किंवा ज्यांच्यापर्यंत ती पोचूच दिली नाही, त्यांनी जनावराचा उरलेला प्रत्येक भाग अशा कसबाने शिजवला की आज नागपुरात सावजी खानावळीत खूर आणि सुंदरी खायला लोक लांबून येतात. सुंदरी म्हणजे आतडीच. गोव्यातलं सोरपोतेलही डुकराच्या काळजा-हृदयावरच उभं आहे. वजडीत कमीपणाचं काही नाही, हे मी मनापासून लिहितेय. पण सासूबाईंशी यावरून भांडू नका, आणि कृपा करून त्यांना न सांगता वजडी ताटात वाढू नका. एखाद्याच्या ताटात काय आहे हे त्याला माहीत असणं हा त्याचा हक्क आहे. आधी पाया आणा. पाया बहुतेक घरांत चालतो. वर्षभरापूर्वी घरातला माणूस गेलाय, रविवारच्या मटणाशी त्यांची आठवण जोडलेली असणार. "मामंजी पाया कसा आणायचे हो?" असं विचारून बघा. कदाचित त्या स्वतः तुमच्याबरोबर दुकानात येतील.

कधी वजडी आणलीच, तर सकाळी लवकर आणा. पोटातल्या वस्तू फार लवकर खराब होतात, दुपारची वजडी फुकट दिली तरी घेऊ नये. खाटकाकडून पोट उघडून, आतली घाण काढून, गरम पाण्यात धुऊन घ्या. काही जण चुना लावून काळी साल खरवडून देतात, ती पांढरी दिसते. घरी आणल्यावर पुन्हा गरम पाणी, जाडं मीठ आणि तांदळाचं पीठ लावून टॉवेल चोळतो तशी चोळा, तीन-चार पाणी काढा. हळद-मीठ घालून एक उकळी आणा आणि ते पाणी फेकून द्या. वास जातो तो इथे. मग बारीक तुकडे, कुकरला सहा-सात शिट्ट्या, आणि कढईत कांदा-लसूण मसाला घालून सुकं होईपर्यंत परता. तेल कमी घाला, तिचं स्वतःचं सुटतं.

दुकान कसं ओळखायचं? माश्या किती, ओंडका धुतलेला आहे का, पाणी कुठून येतं, हे डोळ्यांनी दिसतं. अन्नसुरक्षेचा परवाना भिंतीवर लावलेला असावा. मटण टांगलेलं असेल तर त्याला शेपूट ठेवलेलं असतं, त्यावरून शेळी-बोकडाचं की मेंढीचं ते कळतं. शेळीचं मटण कमी भावात देत असतील तर वाईट नाही, पण जून असेल तर वेळ जास्त लागेल. चरबी पांढरी असेल तर कोवळं, पिवळट झाली की वय झालेलं, असा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे आणि मला तो बऱ्याचदा खरा ठरलेला दिसलाय. तुमच्या भागात "बोलाईचे मटण मिळेल" अशा पाट्या दिसतील. कराडहून आल्यावर त्याचं नवल वाटलं असेल. ते मेंढीचं. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणाऱ्या घरांत बोकड चालत नाही, मेंढी चालते. चरबी थोडी जास्त असते, एवढंच. खिमा कधीही तयार घेऊ नका. गर्दन किंवा फऱ्याचा तुकडा निवडा, वजन करा, मग डोळ्यांदेखत करून घ्या. आणि तराजू शून्यावर आहे ना, यावर नजर ठेवायला संकोच नको. तुम्ही बघताय हे कळलं की बरंच काही आपोआप सरळ होतं.

घरी आणलेलं मटण उन्हाळ्यात तासाभरात, एरवीही दोन तासांच्या आत एकतर चुलीवर चढलं पाहिजे नाहीतर फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. कोंबडी नळाच्या धारेखाली धरून धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर, कोथिंबिरीवर उडतात आणि पोटं बिघडतात. धुवायचीच तर खोल भांड्यात, हलक्या हाताने, आणि नंतर ओटा साबणाने पुसून घ्या.

पहिल्यांदा रविवारी जाऊ नका. रविवारी सकाळी खाटकाला मान वर करायला फुरसत नसते आणि मागचा माणूस "अहो लवकर" म्हणत असतो. बुधवारी जा, सकाळी दहाच्या सुमारास. मामा, चाचा, दादा, जे त्या दुकानात लोक म्हणत असतील ते म्हणा आणि खरं ते सांगा: "आमचे सासरे यायचे तुमच्याकडे, ते वारले. आता मी येणार. मला जरा सांगत जा." तेच दुकान असेल तर तो माणूस त्यांना ओळखत असणार. खाटीक पिढीजात कसबी असतात, आणि विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं. त्याचा फोन नंबर घ्या, शनिवारी रात्री सांगून ठेवा, "उद्या एक पायाचा जोड आणि दीडशे ग्रॅम काळीज बाजूला ठेवा." श्रावणात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा पुष्कळ दुकानांत भावाचंही बोलता येतं. आखाडात आणि बकरी ईदच्या आधी मात्र नाही.

या बुधवारी पाव किलो गर्दन आणि दोन नळ्या आणा. नळ्या मधोमध तोडू नका म्हणून सांगा, टोकं उडवून घ्या, म्हणजे मगज आत राहतो. एक मुलीला, एक मुलाला.